हाय जंपचे खास स्पाइक्स घ्यावेत का? आठ महिने वापरून झाल्यावर

मुलासाठी गेल्या जुलैत हाय जंपचे स्पाइक्स (म्हणजे उंच उडीचे खिळ्यांचे बूट) घेतले, ९,४०० रुपयांना. घ्यायच्या आधी मी महिनाभर शोधत होतो की कोणी मराठीत याबद्दल काही लिहिलंय का, क्रिकेटच्या बॅटीबद्दल आणि रनिंगच्या बुटांबद्दल ढिगाने सापडतं पण उंच उडीच्या बुटांबद्दल एक ओळ मिळाली नाही. म्हणून म्हणलं आता आठ महिने झालेत, पावसाळा झाला, थंडी झाली, तीन स्पर्धा झाल्या, तर जे काय आहे ते सगळं लिहून टाकू, पुढच्या पालकाचा तरी वेळ वाचेल.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. माझ्या एक-दोन तक्रारी आहेत आणि आम्हाला मिळालेला जोडच तेवढा खराब निघाला असंही होऊ शकतं, एका जोडावरून कोणाला नावं ठेवणं मला पटत नाही. शिवाय मी सांगतोय त्यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या हाय जंप स्पाइक्सला लागू आहे.

आधी घ्यायची वेळ का आली ते सांगतो. आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो, मुलगा तेव्हा सोळा पूर्ण होता, अंडर १८ ला खेळत होता. मे महिन्यात एक मीट होती, सकाळी थोडा पाऊस पडून गेलेला, वळवाचा, आणि ट्रॅक ओला. त्याच्याकडे तेव्हा साधे स्प्रिंटचे स्पाइक्स होते, दोन वर्षं त्यावरच उडी मारत होता. १.७५ मीटर पहिल्या अटेम्प्टला गेली. १.८० ला रनअप चांगला आला, कर्व्ह (रनअपचा शेवटचा वळणाचा भाग) पण चांगला, आणि शेवटच्या पावलाला टाच टेकली तशी सरकली, अक्षरशः साबणावरून सरकावी तशी, आणि पोरगं बार घेऊन मॅटवर. दुसऱ्या अटेम्प्टला १.८० गेली, मग १.८४ पहिल्याला, १.८८ पहिल्याला. १.९१ ला तिन्ही अटेम्प्ट फुकट गेले.

आता दुसऱ्या एका मुलाची पण १.८८ च होती, ती पण पहिल्याच अटेम्प्टला. मग काउंटबॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उंची सारखी झाली की आधी बघतात त्या शेवटच्या उंचीला कोणाचे फॉल्ट (फसलेल्या उड्या) कमी, तिथेही सारखं असलं तर मग सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतचे एकूण फॉल्ट मोजतात. त्या मुलाचे शून्य, आमचा एक. तो तिसरा, आमचा चौथा. १.८० सारख्या उंचीला, जी तो रोज प्रॅक्टिसला सहज मारतो, तिथे टाच सरकली म्हणून पदक गेलं. पोरगं रडलं नाही पण घरी येईपर्यंत गाडीवर मागे बसून एक शब्द बोललं नाही, ते मला जास्त लागलं.

हे फक्त आपल्या गल्लीतल्या स्पर्धेत होतं असं नाही बरं का. टोकियो ऑलिंपिकला कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी दोघांनी सोनं वाटून घेतलं तो प्रसंग सगळ्यांना आठवतो, पण त्याच दिवशी २.३७ तिघांनी मारली होती. तिसरा बेलारूसचा नेदासेकाउ. त्याचीही उडी तेवढीच उंच, पण आधीचे फॉल्ट होते म्हणून कांस्य. त्या दोघांचं २.३७ पर्यंतचं कार्ड एकदम कोरं होतं, एकही फॉल्ट नाही, म्हणूनच बरोबरी झाली. मी हे मुलाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, बाबा म्हणजे खालच्या उंचीची उडी पण वरच्या उडीइतकीच महाग असते. बरोबर बोलला.

तर बूट.

सरांनी (त्याचे कोच) दुसऱ्याच दिवशी सांगितलं की आता त्याचा वेग वाढलाय, हाय जंपचे स्पाइक्स घ्या, नाहीतर घोटा जाईल. मला वाटलं स्पाइक्स म्हणजे स्पाइक्स, खिळे असले की झालं. तसं नाहीये. स्प्रिंटच्या बुटाला खिळे फक्त चवड्याखाली असतात, टाच गुळगुळीत, आणि पुढचा भाग वर वळलेला असतो कारण धावणारा माणूस चवड्यावर धावतो. लाँग जंपचे पण खिळे पुढेच. पण उंच उडीत शेवटचं पाऊल वेगळं पडतं, पाय शरीराच्या पुढे जातो, टाच आधी टेकते आणि लगेच पूर्ण तळवा टेकतो, शरीर मागे झुकलेलं आणि शिवाय आतल्या बाजूला कललेलं, आणि पळत आलेला सगळा वेग त्या एका पायावर थांबून वर वळतो. हे सगळं सेकंदाच्या पाचव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात. म्हणून हाय जंपच्या बुटाला टाचेखाली पण खिळे असतात. आमच्या जोडात पुढे ७ आणि टाचेला ४, एकूण ११, आणि नियमाने पण ११ च्या वर चालत नाहीत.

तळ हातात घेऊन वाकवून बघा, हा सगळ्यात सोपा फरक. स्प्रिंटचा बूट चवड्यापाशी वाकतो. हाय जंपचा वाकतच नाही फारसा, आणि पिळून बघितला तर पिळलाही जात नाही, सपाट पाटीसारखा. पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला यात धावता येणार नाही, लाकडाचे बूट घातल्यासारखं वाटतंय. खरंय, धावायचे ते बूटच नाहीत. दहा-बारा पावलांचा रनअप आणि उडी, बस.

सुरुवातीला वॉर्मअप पण त्यावरच करायचा हट्ट होता नवीन बूट म्हणून, तर दुसऱ्या दिवशी नडग्या दुखायला लागल्या. सरांनी ओरडून बंद केलं. आता वॉर्मअप आणि ड्रिल साध्या बुटात, रनअप मार्क करणं साध्या बुटात, आणि फक्त पूर्ण उड्या मारायच्या वेळी हे. म्हणजे आठवड्यात दोन दिवस, दिवसाला पंधरा ते अठरा उड्या. या हिशोबाने आठ महिने टिकलेत हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

साईज. इथे मी चुकलो असतो पण वाचलो. रोजचे बूट ९ नंबर घालतो म्हणून ९ मागवणार होतो, सरांनी सांगितलं अर्धा नंबर कमी घ्या, पाय आत हलता कामा नये. साडेआठ घेतले आणि बरोबर बसले, पण लांबीला. रुंदीला त्रास झाला. हे बूट निमुळते येतात आणि आपल्याकडच्या पोरांचे पाय, लहानपणापासून चपला नाहीतर अनवाणी, चवड्याला पसरट असतात. पहिले तीन आठवडे करंगळीला फोड. मग मोची काकांनी (त्यांच्याबद्दल पुढे लिहितो) फर्म्यावर चढवून दोन रात्री ठेवला तेव्हा कुठे जरा सैल झाला. तुम्ही घेताना संध्याकाळी पाय मोजा, सकाळी नाही, आणि दोन्ही पाय मोजा. आमच्या मुलाचा टेक-ऑफचा (ज्यावर उडी घेतो तो) डावा पाय उजव्यापेक्षा किंचित रुंद आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं.

पायांच्या साईजवरून आठवलं, कोरियाचा वू सांग-ह्योक, त्याला आठव्या वर्षी गाडीने धडक दिली होती आणि तेव्हापासून त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा लहान आहे. दोन पायांचे दोन नंबर. तो माणूस २०१४ ला अमेरिकेतल्या युजीनच्या वर्ल्ड ज्युनियरला (वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) २.२४ मारून कांस्य घेऊन गेला आणि आता सिनियर वर्ल्डला रौप्यपदकं घेतोय. माझ्या मुलाने करंगळीच्या फोडाचं रडगाणं लावलं होतं त्या आठवड्यात मी त्याला हे सांगितलं, त्यानंतर फोडाबद्दल बोलणं बंद झालं.

आणि २.२४ वर जरा थांबा. १९६८ ला मेक्सिकोला डिक फॉस्बरीने पाठीवरून उडी मारायची नवीन पद्धत दाखवून ऑलिंपिक सोनं घेतलं ती उडी २.२४ चीच होती. सेहेचाळीस वर्षांनी तेवढ्याच उंचीला वीस वर्षांखालच्या पोरांच्यात तिसरा नंबर. मी स्वतः सासवडला शाळेत असताना वाळूच्या खड्ड्यात कैची (पाय कात्रीसारखे टाकून मारायची उडी) मारायचो, बांबूची आडवी काठी, पलीकडे कुदळीने उकरलेली वाळू, पाठीवर पडायचा प्रश्नच नव्हता कारण मान मोडली असती. फॉस्बरीची पद्धत जमली ती पलीकडे फोम आला म्हणून. म्हणजे या खेळात माणसाइतकंच सामानाने पण काम केलंय, हे मला बूट घेताना सारखं आठवत होतं, आणि ९,४०० रुपये बघून बायकोला पटवताना पण मी हेच सांगितलं.

आता मुद्द्याचं, फरक पडला का. पडला. आणि लगेच नाही पडला, तेही सांगतो.

पहिले पाच-सहा आठवडे उलट उडी कमी झाली. कारण असं की साध्या स्पाइक्समध्ये टाच सरकायची भीती मनात होती त्यामुळे तो नकळत शेवटचं पाऊल चवड्यावर टाकायचा आणि वेग आधीच कमी करायचा. नवीन बुटात टाच पकडते, म्हणजे सरकून वाचायची सोयच नाही, पाय जिथे टाकला तिथेच राहतो. रनअप चुकला असेल, पाऊल बारच्या फार जवळ पडलं असेल, तर त्याचा धक्का सरळ गुडघ्याला. पहिल्या दोन आठवड्यांत १.७० ला पण बार पडत होता आणि मुलगा म्हणत होता बाबा परत करून टाका. सरांनी रनअप अर्ध्या फुटाने मागे नेला, कर्व्हची शेवटची पाच पावलं खडूने काढून दिली आणि तीन आठवडे बारऐवजी रबर बांधून करून घेतलं. ऑगस्टच्या शेवटी एकदम बसलं. त्याला विचारलं काय वेगळं वाटतंय तर म्हणाला, आता शेवटच्या पावलाला घाबरायचं काम नाही, पाय टाकला की जमीन उत्तर देते.

पावसात तर फारच फरक. पुण्यात जून ते सप्टेंबर ट्रॅक कोरडा मिळाला तर नशीब. आम्ही एक स्पंज आणि जुनी बादली घेऊनच जातो, टेक-ऑफच्या जागेवरचं पाणी टिपून घ्यायला. साध्या स्पाइक्सला टिपल्यावरही भरवसा नव्हता. यात ओल्या ट्रॅकवर आठ महिन्यांत टाच एकदाही सरकली नाही. एकदाही नाही. मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

घोटा. तो डाव्या पायावर उडतो, म्हणजे उजव्या बाजूने येतो. टेक-ऑफला घोटा आतल्या बाजूला कोसळतो, स्लो मोशनमध्ये बघितलं तर पोटात गोळा येतो इतका कोसळतो. जुन्या बुटात दर महिन्याला एकदा तरी घोट्याला बर्फ लावायला लागायचा. आता टाचेचा कप कडक आहे आणि मधून एक पट्टा आहे आवळायचा, त्यामुळे पाय आत जागेवर राहतो. दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, नोव्हेंबरमध्ये एकदा आठवडाभर विश्रांती घ्यावी लागली, पण ते पुण्यातल्या थंडीत सकाळी सहाला नीट वॉर्मअप न करता उड्या मारल्याने, बुटाने नाही.

उंची सांगायची तर मे मध्ये १.८८ होती, डिसेंबरमध्ये १.९४ झाली. हे सहा सेंटिमीटर बुटाचे आहेत असं कोणी समजू नका. या वयात पोरं वाढतात, तो स्वतः दोन बोटं वाढलाय, शिवाय सरांची मेहनत. बुटाचं श्रेय एवढंच की ज्या उड्या त्याच्यात होत्या त्या आता फॉल्टमध्ये वाया जात नाहीत. डिसेंबरच्या मीटला १.८८ पर्यंत कार्ड कोरं होतं. दुसरा आला.

आता तक्रारी.

पहिली, अप्पर (बुटाचा वरचा भाग) आणि तळाचा जोड. ऑक्टोबरमध्ये म्हणजे तिसऱ्याच महिन्यात डाव्या बुटाचं पुढचं डिंक सुटायला लागलं, बोटांपाशी, नखाएवढी फट. ९,४०० च्या बुटाला हे शोभत नाही. दुकानदाराकडे (ऑनलाइन घेतलेले) फोटो पाठवले, आठ दिवसांनी उत्तर आलं की वापरलेला माल बदलून मिळत नाही. वापरल्याशिवाय डिंक सुटलेलं कळणार कसं? दोनदा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहायचा कंटाळा केला नाही, तिसऱ्यांदाही लिहिलं, तेच उत्तर. इथे मी नाराज आहे.

दुसरी, खिळे. बुटाबरोबर जे खिळे आले ते पुढचे चार महिन्यांत बोथट झाले, टाचेचे त्याहून लवकर. नियमाने उंच उडीला १२ मिलिमीटरपर्यंतचे खिळे चालतात, बाकी बहुतेक प्रकारांना ९, आणि हे मिळायला त्रास होतो. पुण्यात मी टिळक रोड, कॅम्प, लक्ष्मी रोड तिन्हीकडे फिरलो, ६ आणि ९ चे मिळाले, १२ चे मुंबईहून मागवायला लागले. त्यामुळे बूट घेतानाच जादाचा एक सेट घेऊन ठेवा. आणि खिळे महिन्यातून एकदा काढून, साफ करून, आट्यांना जरासं व्हॅसलिन लावून परत बसवा. पावसाळ्यात आम्ही हे केलं नाही आणि टाचेतले दोन खिळे गंजून असे धरले की किल्लीने डोकं झिजलं पण खिळा हलेना.

तिसरी तक्रार छोटी, टाचेच्या खिळ्यांनी दुसऱ्या पायाच्या पोटरीवर ओरखडे येतात, पहिल्या महिन्यात रोज. लांब मोजे घाला. मॅटचं कव्हर पण फाटतं, म्हणून बूट घालून मॅटवर चालायचं नाही, पडल्यावर लोळून खाली उतरायचं, आमच्या सरांचा हा नियम आहे आणि तो बरोबर आहे.

त्या अडकलेल्या खिळ्यांवरून मोची काकांकडे गेलो होतो. सारसबागेकडून आत गेलं की एका बोळात त्यांची टपरी आहे, चार फूट रुंद असेल. सणस ग्राउंडवर धावणारी पोरं पूर्वीपासून त्यांच्याकडे जातात. मी हाय जंपचा बूट दाखवला तर त्यांनी उलटा केला, टाचेकडे बघितलं आणि म्हणाले, "उडीचा आहे होय. साहेब, हा डावा जास्त झिजलाय, पोरगा डाव्यावर उडतो." खिळे त्यांनी तेल सोडून रात्रभर ठेवले आणि सकाळी पकडीने काढून दिले, आट्यांना धक्का न लावता. डिंक सुटलेलं त्यांनी जुनं पूर्ण खरवडून काढून नवीन लावलं, वर बाहेरच्या कडेने शिवण मारली, म्हणाले नुसत्या डिंकावर या बाजूला जोर टिकणार नाही, पाऊल पडताना इथेच ओढ बसते. १८० रुपये. पाच महिने झाले, शिवण जशीच्या तशी. कंपनीने जे करायला हवं होतं ते त्यांनी केलं. मी त्यांना पन्नास रुपये जास्त देत होतो तर घेतले नाहीत, म्हणाले पोरगं राज्याला खेळलं की पेढे आणा.

एक सूचना, शिवण मारून घेताना तळात जाडी वाढेल असं काही लावून घेऊ नका. याला कारण आहे. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाच्या युरी स्तेपानोव्हने जाड तळाचा बूट घालून २.१६ चा विश्वविक्रम केला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी तळाच्या जाडीवर बंधन आलं. कित्येक वर्षं पुढे १३ आणि टाचेला १९ मिलिमीटर ही मर्यादा होती, आता नवीन नियमात २० मिलिमीटर. आमच्या स्पर्धांमध्ये आजवर कोणी बूट मोजलेले नाहीत पण पोराला सवयच नियमातल्या बुटाची हवी, उद्या वरच्या स्पर्धेत गेल्यावर बूट बदलायला लागला तर सगळा रनअप नव्याने बसवावा लागेल.

बूट घेतल्यापासून आमच्या घरी आणखी एक गोष्ट सुरू झाली, रविवारी जेवण झालं की जुन्या वर्ल्ड ज्युनियरच्या उंच उडीच्या फायनल बघायच्या. सिनियरपेक्षा मला या जास्त आवडतात. सिनियरला सगळे घोटलेले असतात, ज्युनियरला एखादा पोरगा दोन उंच्या एकदम अप्रतिम मारतो आणि तिसऱ्या वेळी रनअपच विसरतो, पुन्हा मागे जातो, टेप लावलेल्या मार्कवर उभा राहतो, एक मिनिटाचं घड्याळ चाललेलं असतं आणि चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की डोक्यात काय गोंधळ आहे. मुलाला त्यात स्वतःला बघता येतं. आम्ही पॉज करून शेवटचं पाऊल बघतो, टाच कशी टेकली, पाय बारपासून किती लांब पडला, बुटाचं टोक कुठे वळलंय.

ज्युनियरचा विश्वविक्रम २.३७ आहे. १९९० ला प्लोव्दिव्हच्या वर्ल्ड ज्युनियरला द्रागुतिन टोपिचने केला, १९९२ ला सोलच्या वर्ल्ड ज्युनियरला ब्रिटनच्या स्टीव्ह स्मिथने बरोबरी केली, त्यानंतर कोणाला पुढे जाता आलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकचं सोनं ज्या उंचीला गेलं तीच उंची, आणि ती वीस वर्षांखालच्या दोन पोरांनी तीस वर्षांपूर्वी मारलेली. क्यूबाचा सोतोमायॉर, ज्याचा १९९३ चा २.४५ चा विश्वविक्रम अजून उभा आहे, तो पण १९८६ ला पहिल्याच वर्ल्ड ज्युनियरमध्ये अथेन्सला जिंकून आलेला. बार्शिम २०१० ला मोंक्टनला २.३० मारून जिंकला. म्हणजे वरची नावं खाली आधी दिसतात. २०२६ च्या ऑगस्टमध्ये ही स्पर्धा पुन्हा युजीनला आहे आणि आमच्या घरी रात्रीचं जागरण ठरलेलंच आहे.

आपल्याकडच्यांचं पण बघितलं. तेजस्विन शंकर २०१६ ला कोइमतूरच्या ज्युनियर नॅशनलला सतरा वर्षांचा असताना २.२६ मारून गेला, सिनियरचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, बारा वर्षांचा जुना. नंतर २०१८ ला अमेरिकेत २.२९. आणि आपला सर्वेश कुशारे, नाशिक जिल्ह्यातल्या देवगावचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला उंच उडीच्या फायनलला जाणारा पहिला भारतीय, २.२८ मारून सहावा. त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून लवकर निघालो होतो. हा माणूस गावात शिकला तेव्हा फोमची मॅट नव्हती, मक्याचा भुसा वापरून केलेल्या गादीवर पडायचा. मुलाने हे ऐकलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. मी काही बोललो नाही.

हे मी एवढ्यासाठी लिहितोय की बूट नाहीत म्हणून कोणी पोराला थांबवू नका. ज्याची उडी दीड मीटरच्या आसपास आहे, जो नुकताच पाठीवर पडायला शिकतोय, त्याला ९,४०० चे बूट अजिबात घेऊ नका, पाय वाढणारेत, वर्षात लहान होतील, त्याला चांगली मॅट आणि शिकवणारा माणूस हवा. पण पोरगं कर्व्हवर वेगाने यायला लागलं, सर म्हणायला लागले की शेवटच्या पावलाला ब्रेक मारतोय किंवा घोटा धरून बसतोय, तर मग थांबू नका, स्प्रिंटच्या स्पाइक्सवर रेटू नका. मी दोन वर्षं रेटलं, ते चुकलं.

जुने वापरलेले मिळाले तर चालतील का, असं ग्राउंडवर दोघा पालकांनी विचारलं. चालतील, पण टाचेच्या आट्या तपासून घ्या, खिळा पूर्ण फिरून बसला पाहिजे, आणि टाचेचा कप बोटाने दाबून बघा, मऊ पडला असेल तर घेऊ नका. आणि आधीचा मुलगा कुठल्या पायावर उडायचा ते विचारा. डाव्यावर उडणाऱ्याचा डावा बूट संपलेला असतो आणि उजवा नव्यासारखा, तुमचा पोरगा उजव्यावर उडत असेल तर फायद्याचा सौदा.

बालेवाडीला घेऊन गेलो होतो फेब्रुवारीत, शिवछत्रपती क्रीडानगरीत. २००८ ला कॉमनवेल्थ युथ गेम्स इथेच झाले आणि २०१३ ला आशियाई अॅथलेटिक्स पण. तिथला ट्रॅक कडक आणि एकसारखा, खिळे आत जातात तो आवाजच वेगळा येतो. आमच्या नेहमीच्या ग्राउंडला टेक-ऑफच्या जागी ट्रॅक झिजून खालचं दिसायला लागलंय, तिथे खिळे लवकर बोथट होतात. बालेवाडीला मुलाने १.९६ ला तिसऱ्या अटेम्प्टला बारला फक्त पोटरी लावली, बार दोनदा हलला आणि मग पडला. बूट एकदम जागेवर होते.

मार्क द्यायचे तर बुटाला पाचपैकी चार. एक मार्क डिंकासाठी कापला. विकणाऱ्याच्या सेवेला एक. मोची काकांना पाच. सोमवारी टपरी बंद असते, दुपारी दोन ते चार पण नसतात.